अकरा हजार चारशे

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकोणीस वर्षं
मी कोरे पासपोर्ट मोजतो आहे.
नाव नसलेले, फोटो नसलेले निळे गठ्ठे.
मोजून झाले की सही,
मग अंगझडती, मग सायकल.
एक चिटोरा बाहेर येत नाही आमच्यासोबत.
शाईचा वास तेवढा येतो बोटांना.
घरी उत्पला ओळखते.

उत्पलाला पुराचं शिकायचंय.
लहानपणी तिला गोदाकाठी न्यायचो,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय बघायला.
गुडघे, कंबर, छाती:
सगळं नाशिक याच मापात बोलतं.
एकदा तिनं विचारलं, पप्पा,
कमरेपासून छातीपर्यंत यायला किती तास लागतात?
आजूबाजूला सगळे कणसं खात उभे.
कुणालाच ठाऊक नव्हतं.
परदेश तिथंच कुठंतरी सुरू झाला असणार,
मला तेव्हा कळलं नाही.

गेल्या दिवाळीपासून घरात एक वही आहे.
रेघा मारलेली, तीन रकाने.
कुठली शिष्यवृत्ती, शेवटची तारीख, काय कमी पडतं.
तिसरा रकाना पुरेना, तेव्हा तिनं कागद चिकटवले.
एकीला दोन वर्षांची नोकरी हवी होती,
एका ट्रस्टला हवा होता घर असलेला जामीनदार,
आणि आम्ही तर क्वार्टरमध्ये.
एक होती धरणाखाली गेलेल्या गावांतल्या मुलींसाठी.
ती वाचून उत्पला वही मिटून
जरा वेळ नुसती बसली.

सरकारी होती ती मात्र
तिचं माप घेऊन शिवल्यासारखी.
विमानाचं भाडंसुद्धा देणार.
जातीचा दाखला होता, पडताळणी झाली होती,
गुणपत्रिकांवर शिक्के बसले होते.
तहसीलच्या खिडकीतून उत्पन्नाचा दाखला आला
मर्यादेच्या वर,
अकरा हजार चारशे रुपयांनी.

मी लगेच ओळखले ते पैसे.
मार्चमधल्या रात्रपाळ्या.
साहेब म्हणाले होते, मागणी वाढलीय, थांबता का?
थांबलो.
तिच्या इंग्रजीच्या परीक्षेची फी भरायची होती.

खिडकीतला कारकून तसा भला.
आडनाव वाचून म्हणाला,
पगारे, तुम्हाला पगारच आडवा आला की.
मी हसलो. उत्पलाही हसली.
रिक्षात मात्र द्वारका येईपर्यंत कुणी बोललं नाही.
घरी तिची आई म्हणाली,
त्या रात्री गुमान झोपला असतात तर!
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच
माझ्या झोपेला कुणी भाव दिला.

वहीत मग एकच ओळ उरली, न खोडलेली.
तिथल्या विद्यापीठाचीच; दाखला नको, निबंध हवा.
आम्ही तुमच्यावर पैसे का खर्च करावेत?
पाचशे शब्दांत.
पहिला निबंध तिनं मला मराठीत सांगितला.
त्यात माझी सायकल होती, आईचं शिलाई मशीन,
क्वार्टरचं गळणारं छत.
खोटं काहीच नव्हतं.
मला इंग्रजी येत नाही, निबंधातलं तर नाहीच,
तरी विचारलं: यात पाणी कुठंय, बाळा?
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग टराटरा फाडला.

दुसऱ्याची पहिली ओळ मला पाठ आहे:
आमच्या शहरात पूर देवाच्या अंगावर मोजतात.
त्यात मी नाही, सायकल नाही.
तासांचा हिशोब आहे.
बरं वाटलं.

फॉर्मला नंबर लागतो,
म्हणून पासपोर्ट आधी आला, पोस्टानं.
पैशांचं अजून काहीच नाही.
मी पाकीट फोडलं आणि सवयीनं पानं मोजली.
छत्तीस. बरोबर.
मग ध्यानात आलं, यात फोटो आहे.
कान दिसावेत म्हणून केस मागे घेतलेली,
घाबरलेली, आमची.

आज पाळी सुटून आलो तर ती गॅलरीत,
मोबाइल पालथा ठेवलेला.
मेल आला का, असं विचारायचं नाही
हे आता घरात ठरलंय.
मी चप्पल काढता काढता विचारलं,
पाणी कुठवर आलंय?

कमरेच्या
जरा वर, म्हणाली.